फ्रीझर: पेटी कीं कपाट?

वर्षाची बेगमी हा आपल्या घरांतील जुना संसारधर्म आहे. फाल्गुन-चैत्रांत पापड, कुरडया व सांडगे. वैशाखांत लोणचें, मुरांबा आणि आंब्याचीं साठें. गहूं-तांदूळ निवडून, ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कोठींत भरणें, हें सर्व ज्या घरांत अद्याप होतें, त्या घरांत आतां आणखी एका कोठीचा प्रश्न उभा राहिला आहे. फ्रिजमधील बर्फाचा कप्पा पुरेनासा होतो, सोललेला मटार आणि आमरस यांचें जागेवरून भांडण लागतें, आणि मग एके दिवशीं जेवणाच्या पंक्तींत सूचना निघते कीं, एक स्वतंत्र फ्रीझरच कां घेऊं नये? सूचना बहुधां सुनेची असते. "एवढें शिळें खाणार कोण?" हा प्रश्न सासूबाईंचा, आणि "वीज किती खाईल?" हा प्रश्न कर्त्या पुरुषाचा. आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. दुकानांत पाऊल ठेवतांच विक्रेता जो तिसरा प्रश्न विचारतो, "किती लिटरचा दाखवूं?", तो मात्र सर्वांत शेवटीं विचारावयाचा आहे, आणि पुष्कळ घरें तेथूनच आरंभ करून फसतात.

प्रथम सासूबाईंचा प्रश्न घेऊं, कारण यंत्राची निवड त्याच्या उत्तरावर बरीच अवलंबून आहे.

अन्न नासतें तें मुख्यतः सूक्ष्म जंतूंच्या वाढीमुळें. उणें १८ अंश सेल्सिअस या उष्णतामानाला ही वाढ थांबते. जंतु मरतात असें मात्र नाहीं. ते नुसते निजतात, आणि पदार्थ बाहेर काढून कोमट झाला कीं जागे होतात. म्हणून फ्रीझरमध्यें गेलेला पदार्थ जसा गेला तसाच बाहेर येतो. ताजा घातला तर ताजा, उतरलेला घातला तर उतरलेला. कालच्या पंक्तींत उरलेली आमटी तिसऱ्या दिवशीं फ्रीझरमध्यें ढकलली तर ती तिसऱ्या दिवसाचीच राहते, आणि सासूबाईंचा आक्षेप तेथें अगदीं रास्त ठरतो.

गोठविण्याची ही विद्या घरगुती वापरांत आली तिला अजून शंभर वर्षें झालेलीं नाहींत. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतर कांहीं वर्षें लॅब्राडॉरच्या बर्फाळ मुलखांत राहिला. तेथील लोकांनीं पकडलेले मासे कडाक्याच्या थंडींत पाहतां पाहतां गोठत, आणि महिन्यांनीं शिजविले तरी ताज्यासारखे लागत, हें त्यानें पाहिलें. त्यावरून त्यानें झपाट्यानें गोठविण्याचीं यंत्रें तयार केलीं, आणि ६ मार्च १९३० रोजीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहराच्या दुकानांत त्याचा माल विक्रीस मांडला गेला. त्यांत मटारही होता. त्याच्या शोधाचें मर्म 'थंडी' हें नसून 'वेग' हें आहे. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. गोठण्यास वेळ लागला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात व फळाभाज्यांच्या पेशी फोडून टाकतात. मग वितळल्यावर भाजी लिबलिबीत होते आणि ताटांत पाणी सुटतें. झपाट्यानें गोठविलें तर स्फटिक बारीक राहतात. आपल्या घरच्या यंत्राला कारखान्याचा वेग येणार नाहीं, परंतु एकाच दिवशीं दहा किलो मटार त्यांत कोंबूं नये एवढें पथ्य तरी पाळतां येतें. दर १०० लिटर जागेस एका दिवसांत तीन ते पांच किलोंपेक्षां अधिक नवा माल घालूं नये, असा सर्वमान्य नियम आहे.

याच कारणानें पातळ थर लवकर गोठतो. आमरस डब्यांत भरण्याऐवजीं पिशवींत घालून, हवा काढून, ताटावर पाटीसारखा सपाट गोठवावा. मग त्या पाट्या पुस्तकांप्रमाणें उभ्या रचतां येतात. कांचेच्या बरणींत गळ्यापर्यंत रस भरूं नये, कारण फुगणारा रस बरणी फोडतो. मटाराला मात्र आणखी एक संस्कार लागतो. उणें १८ अंशांतही भाजीमधील विकरें, म्हणजे एन्झाइमें, हळूहळू आपलें काम करीत राहतात व रंग आणि चव बिघडवितात. म्हणून सोललेले दाणे उकळत्या पाण्यांत दीड ते दोन मिनिटें धरून लगेच बर्फाच्या पाण्यांत टाकावे, फडक्यावर कोरडे करावे, ताटांत एकेरी पसरून गोठवावे आणि मग पिशवींत भरावे. दाणा दाण्याला चिकटत नाहीं, आणि उसळीला हवे तेवढे मुठीनें काढतां येतात. इतका खटाटोप केलेला मटार पुढील हंगामापर्यंत टिकतो.

खोवलेला नारळ, कढिलिंब, आल्याचा कीस, वाटलेली कोथिंबीर, फणसाचा रस, करवंदें, पुरण, मोदकाचें सारण हे सर्व पदार्थ गोठणें चांगलें सोसतात. उकडीचा मोदक सोसत नाहीं, पारी तडकते. दही फुटतें, काकडी पाणी होऊन बसते, आणि उकडलेला बटाटा स्पंजासारखा होतो. पोळीचा प्रकार थोडा उलटा आहे. फ्रिजच्या खालच्या भागांतील साध्या थंडीनें ती लवकर वातड होते, पण गोठविली तर पुष्कळ दिवस मऊ राहते. तेव्हां पुरणपोळ्या ठेवावयाच्या तर त्या फ्रीझरमध्येंच. तरी आमचें मत असें कीं, एकत्र कुटुंबानें फ्रीझरमध्यें मुख्यतः कच्चा किंवा अर्धा माल ठेवावा, शिजविलेला स्वयंपाक शक्यतों ठेवूं नये. नैवेद्याचें ताट ताजेंच होतें, शिळ्याचा वादही मिटतो. आणि सुनेला सकाळीं कचेरींत जाण्यापूर्वीं नारळ फोडून खोवीत बसावें लागत नाहीं, हा खरा लाभ पदरांत पडतो.

आतां लिटरचा हिशेब घालून पाहूं. दहा किलो सोललेला मटार सुमारें सोळा-सतरा लिटर जागा घेतो. पांच डझन हापुसाचा रस अदमासें नऊ-दहा लिटर. वीस नारळांचा चव बारा-पंधरा लिटर. पुरण, फणस, कोथिंबीर व इतर किरकोळ वस्तूंना आणखी वीस लिटर धरले तरी बेरीज साठांच्या आसपासच राहते. पिशव्यांमधील पोकळी व हात घालण्याची जागा धरून १०० ते १५० लिटरांचा फ्रीझर बारा माणसांच्या शाकाहारी घरास पुरतो. माणशीं दीड ते दोन घनफूट, म्हणजे बेचाळीस ते छपन्न लिटर, असा जो पाश्चात्य आडाखा विक्रेते सांगतात, तो मांसाचा सांठा करणाऱ्या घरांचा आहे. आपण तो प्रमाण मानून ३०० लिटरांचें यंत्र आणलें तर रिकामी जागा भरण्याकरितांच वस्तू आणूं लागतों.

घरगुती फ्रीझर दोन घडणींचे मिळतात. एक आडवा, पेटाऱ्यासारखा, वरून झांकण उघडणारा. त्याला बाजारांत चेस्ट फ्रीझर किंवा नुसतें डीप फ्रीझर म्हणतात. दुसरा उभा, कपाटासारखा, पुढून दार उघडणारा. भेद नुसता आकाराचा नाहीं. थंड हवा जड असते. पेटीचें झांकण उघडलें तरी ती विहिरीच्या पाण्यासारखी जागच्या जागीं राहते. कपाटाचें दार उघडलें कीं ती आपल्या पायांवर ओघळते, आणि तिच्या जागीं स्वयंपाकघराची उष्ण, दमट हवा आंत शिरते. पेटीच्या भिंती बहुधां अधिक जाड असतात, आणि थंडी देणाऱ्या नळ्या त्या भिंतींतच बसविलेल्या असतात. त्यामुळें सारख्याच मापाच्या दोन यंत्रांत पेटीला सामान्यतः वीज कमी लागते, किंमतही कमी पडते, आणि वीज गेली असतां ती थंडीला अधिक वेळ धरून ठेवते. नुसत्या थंडीचाच विचार केला तर निकाल येथेंच लागला असता.

परंतु यंत्र वापरतें माणूस. आमच्या परिचयाच्या एका घरांत मोठ्या हौसेनें पेटी आणली. घरांतील वडील बाई सत्तरीच्या, उंचीनें बेताच्या. तळाची पिशवी काढावयाची तर त्यांना कमरेंत वांकून जवळजवळ आंत उतरावें लागे. म्हणून त्या वरचें तेवढेंच काढीत, आणि नवें आणलेलें त्यावरच पडे. दोन वर्षांनीं पेटी रिकामी केली तेव्हां तळाशीं एक पिवळी, दगडासारखी पाटी निघाली. तें पुरण कीं फणसाचा रस, यावर घरांत दोन पक्ष पडले, आणि वितळेपर्यंत निर्णय झाला नाहीं. कपाटांत असें होत नाहीं. कप्पे डोळ्यांसमोर असतात. एक मटाराचा, एक आंब्याचा, एक नारळाचा असें लावतां येतात. ज्या घरांत दिवसांतून चारपांच वेळां फ्रीझर उघडतो, तेथें वस्तु चटकन हातीं लागणें हीसुद्धां विजेची बचतच आहे, कारण शोधीत बसलेला माणूस झांकण उघडें टाकून उभा असतो. उभा फ्रीझर घ्यावयाचा तर उघड्या फळ्यांपेक्षां खण असलेला पाहावा. खण थोडीशी तरी थंडी आपल्यापाशीं अडवून धरतात.

पेटी घेणाऱ्यांस दोन सूचना. भक्कम झांकणाची घ्यावी, कांचेच्या झांकणाची नव्हे. ती दुकानदारांच्या सोयीसाठीं असते, गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून, आणि तींतून उष्णता अधिक शिरते. दुसरी सूचना मुलांविषयीं. पेटीला कुलूप असतें. तें लावावें, आणि किल्ली मुलांच्या हातीं लागेल अशी ठेवूं नये. लपाछपी खेळतांना आंत शिरलेलें मूल दार बंद झाल्यावर गुदमरतें. अशा मृत्यूंमुळेंच अमेरिकेंत १९५६ सालीं घरगुती रेफ्रिजरेटरचें दार आंतूनही उघडतां आलें पाहिजे असा कायदा करावा लागला. जुनें यंत्र मोडींत काढतांना झांकण बिजागरीपासून सोडवूनच द्यावें.

घडणीइतकाच महत्त्वाचा, पण दुकानांत क्वचितच समजावून सांगितला जाणारा भेद 'फ्रॉस्ट फ्री' आणि 'डायरेक्ट कूल' यांचा. फ्रॉस्ट फ्री यंत्रांत पंखा थंड हवा खेळवितो, आणि ठराविक वेळानें एक लहानसा हीटर नळ्यांवरील बर्फ वितळवून टाकतो. बर्फ खरवडण्याचे श्रम वांचतात. पण आंतील उष्णतामान थोडें वरखालीं होत राहतें, आणि फिरती कोरडी हवा पदार्थांतील ओलावा ओढून घेते. पिशवींत हवा राहिली असेल तर कांहीं महिन्यांत मटाराला पांढुरकी, सुरकुतलेली कळा येते. असा पदार्थ अपायकारक नसतो, बेचव मात्र होतो. डायरेक्ट कूल यंत्रांत हें कमी होतें. उलट त्याच्या भिंतींवर बर्फ सांचतो, आणि तो अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला कीं आंतील थंडीस आडकाठी करूं लागतो. तेव्हां वर्षांतून एकदोनदां यंत्र बंद करून, माल चादरींत गुंडाळून, बर्फ आपोआप सुटूं द्यावा लागतो. सुरी किंवा उलथणें लावून तो कधींही फोडूं नये. हल्लींच्या घरगुती यंत्रांत बहुधां आयसोब्यूटेन वायु भरलेला असतो, तो ज्वालाग्राही आहे, आणि सुरीचें टोंक नळींत शिरलें कीं यंत्रही गेलें. वर्षभराच्या बेगमीला डायरेक्ट कूल, रोजच्या उघडझांकीला फ्रॉस्ट फ्री, असा स्थूल विवेक करण्यास हरकत नाहीं.

कर्त्या पुरुषाच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. बिलाची बाजू सोपी आहे. १०० वॅटचा कॉम्प्रेसर दिवसांतून एकंदर दहा तास चालला तर एक युनिट वीज जळते. वर्षाचीं ३६५ युनिटें झालीं. हीं युनिटें बिलाच्या तळाच्या स्वस्त टप्प्यांत न पडतां आपल्या घराच्या सर्वांत वरच्या टप्प्यांत पडतात, हें ध्यानांत ठेवून त्या दरानें गुणावें. दर दहा रुपये धरला तर वर्षाला ३,६५० रुपये झाले. हंगामांत स्वस्त घेतलेल्या मटारावर एवढे रुपये वांचणार नाहींत, हें आम्ही स्पष्टच सांगतों. भाद्रपदांत गौरीच्या दिवशीं पानांत आमरस वाढतां यावा, याची ती किंमत आहे. ती द्यावी कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें.

दुसरी बाजू वीज जाण्याची, आणि खरी जोखीम तेथें आहे. पूर्ण भरलेला फ्रीझर न उघडतां ठेवला तर सुमारें ४८ तास माल सुरक्षित राखतो. अर्धा भरलेला सुमारें २४ तास. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागानें दिवसाकांठीं कित्येक तासांचें भारनियमन सोसलें. तेवढ्यानेंही भरलेली पेटी डगमगत नाहीं, फक्त वीज येईपर्यंत झांकणाला हात लावूं नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज कांहीं तास गेली, त्यानें कोणाचाही आमरस बिघडण्याचें कारण नव्हतें. पण त्याच वर्षीं ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूच्या कित्येक गांवीं आठवड्यांवर आठवडे वीज आली नाहीं. तेथें कोणतीही घडण उपयोगाची नव्हती. किनाऱ्यावरील घरानें वर्षाची सगळी बेगमी एका तारेच्या भरंवशावर टांगूं नये. आंब्याचा निम्मा रस आटवून, साठें घालून ठेवण्याची जुनी रीत तेथें अद्याप शहाणपणाची आहे. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनीं भरावी, म्हणजे बर्फाचा तेवढाच आधार. बाटली मात्र कांठोकांठ भरूं नये. गांवीं जातांना एका वाटींत पाणी गोठवून त्यावर एक नाणें ठेवून जावें. परत आल्यावर नाणें तळाशीं दिसलें तर मधल्या काळांत बर्फ वितळून पुन्हां गोठला असें समजावें, आणि माल टाकून द्यावा. पदार्थांत अजून बर्फाचे कण कचकचत असतील तर तो परत गोठविण्यास हरकत नाहीं. चव थोडी उतरेल इतकेंच.

यंत्रावरील ताऱ्यांविषयीं फार घोटाळा आढळतो. ऊर्जाबचतीचें लेबल भारतांत २००६ सालीं सुरू झालें. त्यावरील तारे विजेच्या काटकसरीचे आहेत. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर जे लहान तारे कधीं कधीं छापलेले असतात ते थंडीचे: एक तारा उणें ६ अंश, दोन तारे उणें १२, तीन तारे उणें १८, आणि चार तारे म्हणजे उणें १८ राखून शिवाय ताजा माल गोठविण्याची शक्ति. एका दाराच्या फ्रिजचा कप्पा पुष्कळदां उणें १८ पर्यंत जात नाहीं, म्हणून त्यांतला मटार दोन महिन्यांत उतरतो आणि दोष मटाराला मिळतो. पांचसात रुपयांच्या काटकसरीपेक्षां एक साधा फ्रीझर-थर्मामीटर आंत ठेवणें अधिक उपयोगी. हवामानाचें अक्षरही पाहावें. 'टी' वर्गाचें यंत्र बाहेरच्या ४३ अंशांपर्यंत, 'एस्‌टी' ३८ पर्यंत आणि 'एन्‌' अवघें ३२ पर्यंत काम करण्यासाठीं घडविलेलें असतें. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ ओलांडतो. तेथें 'टी' शिवाय दुसरें घेऊं नये, आणि तेंही गच्चीखालच्या तापत्या खोलींत न ठेवतां घराच्या थंड बाजूस, भिंतीपासून चारसहा बोटें दूर ठेवावें.

आतां आमचा सल्ला. चौघांच्या घरीं दोन दारांचा चांगला फ्रिज असेल तर स्वतंत्र फ्रीझरच्या नादीं लागूं नये. बारा-पंधरा माणसांचें घर, तळमजल्यावर माजघराशेजारीं जागा, आणि माल वर्षांतून चारदां भरून थोडथोडा काढण्याची पद्धत असेल, तर भक्कम झांकणाची १५० लिटरांपर्यंतची डायरेक्ट कूल पेटी घ्यावी, तींत टोपल्या लावाव्या, आणि रोज लागणारें वरच्या टोपलींत ठेवावें. शहरांतील सदनिकेंत, जेथें वडील मंडळी स्वतः हात घालतात आणि जमिनीचा प्रत्येक फूट मोलाचा आहे, तेथें जास्त पैसे पडले तरी खणांचें उभें कपाट बरें. घरांतील सर्वांत बुटक्या आणि सर्वांत वयस्क बाईला दुकानांत बरोबर न्यावें, आणि पेटीच्या तळाला हात पोंचतो कीं नाहीं तें तिलाच पाहूं द्यावें. ही परीक्षा कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेली नसते.

कोणत्याही जातीचें यंत्र असो, झांकणावर एक वही बांधावी. काय, किती, कोणत्या तारखेला घातलें तें घालणारानें लिहावें, आणि काढणारानें खोडावें. पिशवीवरही पदार्थाचें नांव असावें.

खरेदी मार्गशीर्षांत करावी. यंत्र घरीं आणल्यावर आडवें होऊन आलें असल्यास कांहीं तास उभें ठेवून मगच सुरू करावें, आणि थर्मामीटर उणें १८ दाखवीपर्यंत रिकामेंच चालूं द्यावें. तोंवर पौषाचा मटार बाजारांत उतरूं लागतो.